एकाकी नायिका आणि निवेदकाचे अंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरी करणाऱ्या, नातलगांपासून आणि सहकाऱ्यांपासून तुटलेल्या, चाळिशीतल्या एका स्त्रीवर तुम्ही कादंबरी लिहीत आहात, चार जणांनी हस्तलिखित वाचले आणि चौघांनीही थोड्याफार फरकाने एकच सांगितले, की नायिकेची कीव येते आणि तिसऱ्या प्रकरणानंतर काहीच घडत नाही. अशा नायिका इतरांनी कशा उभ्या केल्या आणि आपले नेमके कुठे चुकते, हे तुम्हाला हवे आहे. तुम्ही जोडलेली पहिली दोन प्रकरणे आणि पुढचा आराखडा मी वाचला. हस्तलिखिते वाचणे आणि लेखकांबरोबर बसून ती पुन्हा लिहवून घेणे हाच माझा अनेक वर्षांचा व्यवसाय असल्याने उत्तर जरा लांबेल.

तुमची कादंबरी खिडकीपासून सुरू होते. नायिका खिडकीशी उभी आहे, बाहेर पाऊस आहे, हातातला चहा गार होत आहे. हे दृश्य माझ्या टेबलावर इतक्या वेळा आले आहे की आता ते दिसले की मी आधी पान उलटून पुढे काय आहे ते बघते. दृश्य खोटे नाही, पण ते नायिकेचे नाही. ते तिच्याकडे लांबून बघणाऱ्याचे आहे. खिडकीशी उभी असलेली बाई रस्त्यावरचे काहीतरी बघत असते. आपण खिडकीशी किती एकट्या उभ्या आहोत, हे ती बघत नसते. ते तुम्ही बघत आहात, आणि तुमच्याबरोबर वाचकालाही बघायला लावत आहात. चौघांना आलेली कीव तिथूनच सुरू झाली आहे.

आपल्या भाषेत या अवस्थेसाठी शब्द बरेच आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'एकटी' ही नुसती वस्तुस्थिती. 'एकाकी' हा आतला अनुभव. 'एकलकोंडी' हे तिच्याविषयी इतरांचे मत. 'एकांत' तिने मागून घेतलेला असतो. समीक्षेत जिला परात्मता म्हणतात ती या सगळ्यांहून वेगळी, कारण परात्म स्त्रीच्या भोवती नवरा, मुले, सहकारी सगळे असू शकतात. फक्त त्या माणसांच्या जगाचे नियम तिला आपले वाटत नाहीत. शिवाय 'एकटा जीव सदाशिव' असे आपण पुरुषाबद्दल कौतुकाने म्हणतो, पण स्त्रीबद्दल त्या तोडीची म्हण मला तरी आठवत नाही. एकट्या पुरुषाच्या वाट्याला मोकळीक आणि एकट्या स्त्रीच्या वाट्याला उणीव, अशी वाटणी भाषेतच झालेली आहे, आणि लेखक बेसावध राहिला की ती उणीव न विचारता कथेत शिरते. तुमच्या दोन प्रकरणांत तिच्याकडे काय नाही याची वाक्ये मी मोजली नाहीत, पण ती पुष्कळ आहेत. तिच्याकडे काय आहे याची वाक्ये मात्र मला शोधावी लागली.

या उणिवेला इतिहास आहे, तो थोडक्यात सांगते. 1851 च्या ब्रिटिश जनगणनेत पुरुषांपेक्षा स्त्रिया बऱ्याच जास्त असल्याचे दिसले आणि अविवाहित स्त्रियांचे करायचे काय, हा तिथे जाहीर चर्चेचा विषय झाला. 1862 मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेग या लेखकाने त्यांना जहाजातून वसाहतींत पाठवण्याचा उपाय गंभीरपणे सुचवला. जॉर्ज गिसिंगच्या 1893 च्या 'द ऑड विमेन' या कादंबरीचे नावच 'जोडीत न बसणाऱ्या, उरलेल्या' अशा अर्थाचे आहे. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' 1890 पासून 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली. तिची नायिका यमू स्वतःची हकीकत स्वतः सांगते आणि तिचे एकटेपण शीर्षकातच आहे, कारण बोलणारी आहे आणि ऐकणारे कोणी नाही. पुढे 1933 मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले आणि शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनाबद्दल इतके उघड लिहिणारी ही कोण, यावरच गदारोळ उठला. मालतीबाई बेडेकरांचे ते लेखन होते हे नंतर कळले. या सगळ्यातून तुमच्या कामाचे एवढेच घ्या, की एकटी स्त्री कथेत आली ती बहुतेकदा 'प्रश्न' म्हणून, आणि प्रश्नाला स्वभाव नसतो. तिला स्वभाव द्यायचा तर ती कोणाच्या नजरेतून आणि किती अंतरावरून दिसते, हे आधी ठरवावे लागते.

हे अंतर किती नाजूक असते ते 1857 मध्ये फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरवर झालेल्या खटल्यात दिसले. त्याच्या 'मादाम बोव्हारी' या कादंबरीत विवाहबाह्य संबंधानंतर नायिका एमा आरशात स्वतःला बघून हरखते, तो उतारा सरकारी वकिलाने लेखकाने केलेला व्यभिचाराचा गौरव म्हणून न्यायालयापुढे ठेवला. फ्लोबेरने 'असे तिला वाटले' हे शब्द ठिकठिकाणी गाळले होते, त्यामुळे तिचे वाटणे आणि निवेदकाचे सांगणे एकाच वाक्यात मिसळले होते. फ्लोबेर सुटला. कंटाळलेल्या, आपल्या गावात परकी झालेल्या त्या बाईच्या मनात वाचक थेट उतरतो आणि त्याच वेळी तिचा भाबडेपणाही त्याला दिसत राहतो, हे साधले ते या मिसळण्यामुळे. तुमच्या लेखनात 'तिला वाटले', 'तिला जाणवले', 'तिच्या मनात आले' हे शब्द जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात आहेत. त्यांतले निम्मे नुसते खोडून पाहा. तिचे मत 'हे तिचे मत' अशी पाटी न लावता वाक्यात आले की वाचकाला ते तपासावे लागते, आणि तपासणाऱ्या वाचकाला कीव करायला सवड मिळत नाही.

आता दोन उदाहरणांवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते या विषयातले जवळजवळ सगळे कसब त्या दोन ठिकाणी शिकता येते.

पहिले शार्लट ब्राँटेच्या 1853 च्या 'व्हिलेट' या कादंबरीचे. लूसी स्नो ही नायिका परदेशातल्या एका मुलींच्या शाळेत शिकवते. पैसा नाही, रूप नाही, माणसे नाहीत. सारांशात ही दयनीय वाटेल, पण वाचताना तिची कीव करायची सोय नाही, कारण ती वाचकाशीही सरळ वागत नाही. शाळेत येणारा डॉक्टर हा आपल्या लहानपणच्या ओळखीचा मुलगा आहे हे ती ओळखते आणि कित्येक प्रकरणे आपल्यापासून लपवून ठेवते. पुढे सांगते तेही सहज, जणू काही विशेष नाही. घरातली माणसे कशी गेली हे तर ती कधीच नीट सांगत नाही. मधली आठ वर्षे मी शांत पाण्यात नावेत पहुडले होते असे हवे तर समजा, अशी मुभा ती वाचकाला देते आणि लगेच नाव बुडाल्याचे सुचवते. नाव म्हणजे काय आणि बुडाले कोण, ते तुमचे तुम्ही ठरवायचे. जिला आयुष्यभर कोणी लक्ष देऊन पाहिले नाही, ती आता स्वतः ठरवते की कोणी काय पाहायचे. एकाकीपणाने तिला हे दिले आहे: बघण्याची तीक्ष्णता, लपवण्याची सवय, आणि एक थंड, बोचरा विनोद. लांब सुट्टीत शाळा ओस पडल्यावर ती प्रोटेस्टंट असूनही कॅथलिक चर्चमध्ये कबुलीजबाब द्यायला जाते, ते केवळ कोणाशी तरी बोलता यावे म्हणून. तोवर तिने आपल्याला इतके दूर ठेवलेले असते की हा प्रसंग अंगावर येतो. हीच बाई पहिल्या पानापासून रडत असती, तर तो प्रसंग आणखी एक रडणे ठरला असता.

दुसरे उदाहरण कॅथरीन मॅन्सफिल्डच्या 1920 च्या 'मिस ब्रिल' या चार-पाच पानांच्या कथेचे. परक्या देशात शिकवण्या करणारी, एका आजारी वृद्धाला वर्तमानपत्र वाचून दाखवणारी ही बाई दर रविवारी बागेत बँड ऐकायला जाते आणि शेजारच्या लोकांचे बोलणे चोरून ऐकते. हे सगळे एक नाटक आहे आणि त्यात आपलीही भूमिका आहे, आपण एखाद्या रविवारी आलो नाही तर कोणाच्या तरी लक्षात येईल, अशी तिची कल्पना. बाकांवरची गप्प म्हातारी माणसे तिला अंधाऱ्या खोल्यांतून, नव्हे कपाटांतून आल्यासारखी वाटतात. मग एक तरुण जोडपे तिच्याबद्दल दोन वाक्ये बोलते, तिला ऐकू जातील अशी. ती घरी येते आणि तिची खोली आपल्याला आता कपाटासारखी दिसते. गळ्यातली फर ती न बघता पेटीत घालते, झाकण लावते आणि तिला काहीतरी रडल्यासारखे ऐकू येते. 'एकाकी' हा शब्द वापरण्याची मॅन्सफिल्डला गरज पडत नाही. इतरांविषयी तिने केलेली उपमा तिच्याच अंगावर उलटते एवढेच घडते, आणि ते घडू शकते कारण आधीची सगळी पाने ती आनंदात आहे. या कथेतल्या प्रत्येक वाक्याची लांबी आणि नादसुद्धा आपण त्या बाईला, त्या दिवशी, त्या क्षणी शोभेल असा निवडला आणि मग कथा पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचली, असे मॅन्सफिल्डने एका पत्रात लिहिले आहे. मोठ्याने वाचण्याचा सल्ला मी प्रत्येकाला देते. बहुतेक जण हसून सोडून देतात.

तुमच्या दुसऱ्या प्रकरणातला निरोपसमारंभ या दृष्टीने पुन्हा लिहावा. सध्या ती कोपऱ्यात उभी आहे आणि कोणी तिच्याशी बोलत नाही. त्याऐवजी ती अगदी खुशीत असू द्या: भाषणाच्या मसुद्यातल्या चुका तिने दुरुस्त केल्या आहेत, कोणाचे कोणाशी बिनसले आहे हे तिला नेमके माहीत आहे, आणि आपल्याशिवाय हा समारंभ पार पडला नसता अशी तिची खात्री आहे. नंतर सामूहिक छायाचित्र काढताना कोणीतरी कॅमेरा सहजपणे तिच्या हातात देते. तिला काय वाटले ते लिहू नका.

अंतर उलट्या दिशेने वाढवूनही काम करता येते, पण त्याला धाडस लागते. क्लॅरिस लिस्पेक्टरच्या 1977 च्या, इंग्रजीत 'द अवर ऑफ द स्टार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या कादंबरीत माकाबेआ ही रिओमधली गरीब टंकलेखिका आहे, पण तिची गोष्ट सांगतो रोद्रिगो नावाचा पुरुष लेखक. बाईने ही गोष्ट लिहिली तर ती रडून भिजवेल, असेही तो ऐटीत म्हणतो, आणि हे वाक्य त्याच्या तोंडी घालणारी बाईच असते. तो तिच्याबद्दल सतत बोलतो, स्वतःच गहिवरतो, आणि आपले लक्ष तिच्याकडून त्या गहिवराकडे वळते: दुसऱ्याच्या एकटेपणावर कथा रचणारा हा कोण? हान कांगच्या 2007 च्या 'द व्हेजिटेरियन'मध्ये योंग-हेची कथा नवरा, मेहुणा आणि बहीण अशा तिघांकडून कळते. तिचा स्वतःचा आवाज स्वप्नांच्या काही तुकड्यांपुरता. म्युरिअल स्पार्कच्या 1970 च्या 'द ड्रायव्हर्स सीट'मध्ये तर निवेदक लीझच्या मनात शिरायला साफ नकार देतो, आणि तिचा खून होणार हे सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो. तिन्ही ठिकाणी आपल्याला तिच्या आत जाऊ दिले जात नाही आणि ते न जाणे आपल्याला बोचते. पहिल्याच कादंबरीत या वाटेने जाऊ नये असे मला वाटते, पण निदान एक प्रकरण तिच्या वरिष्ठाच्या किंवा शेजारणीच्या तोंडून लिहून पाहा, छापायला नव्हे, स्वतःला कळायला. ती त्यांना त्रासदायक वाटते की नुसती अदृश्य असते, हे तुम्हाला अजून ठाऊक नाही असा माझा अंदाज आहे.

आता 'काहीच घडत नाही' या तक्रारीकडे येते. एकट्या माणसाच्या आयुष्यात घडत नाही असे नसते. घडते ते संवादातून आणि भांडणातून घडत नाही, आणि आपल्याला कथानक म्हणजे संवाद आणि भांडण अशी सवय झालेली असते. मार्लेन हाउसहोफरच्या 1963 च्या 'दी वांट' या जर्मन कादंबरीत एक स्त्री डोंगरातल्या शिकारघरात असताना रातोरात एक अदृश्य भिंत उभी राहते आणि भिंतीपलीकडचे सगळे जीव मेलेले दिसतात. उरतात ती, एक कुत्रा, एक गाय, एक मांजर. तिला नाव नाही, बोलायला माणूस नाही, आणि तरी पुस्तक खाली ठेववत नाही, कारण बटाटे लावायचे आहेत, गवत कापायचे आहे, काडेपेटीतल्या काड्या मोजायच्या आहेत, गाय व्यायची आहे. कुत्रा मरणार हे ती फार आधी सांगून टाकते आणि ते कसे घडले याची वाट आपण शेवटपर्यंत बघतो. ती जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहिते आणि कागद संपल्यावर थांबते. कामाला मुदत असली, सामानाला मर्यादा असली, की कथेला गती येते. दुसरे पात्र असलेच पाहिजे असे नाही.

जपानी लेखिका सायाका मुराता हिच्या 2016 च्या, इंग्रजीत 'कन्व्हीनियन्स स्टोअर वुमन' या नावाने आलेल्या कादंबरीतली केइको छत्तीस वर्षांची आहे आणि अठरा वर्षे एकाच दुकानात अर्धवेळ काम करते. लोकांत मिसळण्यासाठी ती सहकाऱ्यांच्या बोलण्याची ढब आणि कपड्यांची आवड उचलते. दुकानातल्या आवाजांत, वस्तू मांडण्यात तिला पूर्ण समाधान आहे. अस्वस्थ होतात ते इतर, आणि त्यांना गप्प करण्यासाठी ती एका निरुपयोगी पुरुषाला घरात आणून ठेवते. परात्मतेचा काटा इथे उलटा फिरतो, कारण बिघाड तिच्यात आहे की तिच्याभोवतीच्या जगात, याचे उत्तर लेखिका देत नाही. तुमची नायिका लेखापाल आहे असे आराखड्यात एका ओळीत आहे. दोन प्रकरणांत मात्र ती एकदाही हिशेब करताना दिसत नाही. ती चांगली लेखापाल आहे का? ताळेबंद जुळला की तिला काय होते? न जुळणारा एक रुपया ती शोधत बसते की सोडून देते? तिचे एकटेपण तिच्या कामातून दिसू शकेल, आणि ते तुमचे स्वतःचे असेल.

पैशाचेही तसेच. जीन ऱ्हीसच्या 1939 च्या 'गुड मॉर्निंग, मिडनाइट'मधली साशा पॅरिसमध्ये दिवसाचा कार्यक्रम आधी आखते, कुठे बसायचे, कुठे प्यायचे, कोणत्या जागा आठवणींमुळे टाळायच्या, आणि तिला आठवड्याला मिळणारी ठरावीक छोटी रक्कम कादंबरीभर पार्श्वभूमीला असते. एकट्या स्त्रीचे भाडे कोण भरते हे ज्या कादंबरीत कळत नाही, तिच्यातले दुःख मला हवेतले वाटते. हा माझा पूर्वग्रह असेल. पण व्हर्जिनिया वुल्फनेही 1929 मध्ये स्त्रीला लिहायचे तर स्वतःची खोली आणि वर्षाला 500 पौंड लागतात असे आकड्यानिशी सांगितले, तेव्हा तिलाही बहुधा असेच काहीतरी वाटत असावे.

तुमच्या आराखड्यात दोन गोष्टी आहेत ज्यांबद्दल मी ठामपणे हरकत घेईन. पहिली, आठव्या प्रकरणातला बालपणीचा आघात. ती अशी का झाली याचे एकच कारण सापडले की आधीची सात प्रकरणे लक्षणांची यादी होऊन बसतात. शार्लट पर्किन्स गिलमनच्या 1892 च्या 'द यलो वॉलपेपर'मध्ये नायिकेला कोंडून ठेवणारा नवरा डॉक्टर आहे, ही गोष्ट विसरू नका; तिला काय झाले आहे ते आपल्याला कळते अशी त्याची पक्की खात्री आहे आणि भय त्या खात्रीतून येते. गिलमनने स्वतः त्या काळचा 'विश्रांती उपचार', म्हणजे सक्तीने अंथरुणात पडून राहण्याचा इलाज, भोगला होता. लेखकाने आपल्या नायिकेचा डॉक्टर होऊ नये. आघात ठेवायचाच असेल तर लूसीसारखा ठेवा: झाकलेला, आणि झाकण्याची पद्धत मात्र स्पष्ट दिसणारी. शिवाय एकाकी स्त्री बिचारीच असते असेही नाही. झोई हेलरच्या 2003 च्या 'नोट्स ऑन अ स्कँडल'मधली बार्बरा ही वयस्क शिक्षिका सहकारी स्त्रीच्या गुपितावर आपली मैत्री लादते, आणि आपण तिच्या प्रत्येक ओळीला हसतो, घाबरतो, आणि मधूनच स्वतःला ओळखतो. तुमच्या नायिकेला निदान एक दुष्ट विचार द्या आणि तो अमलात आणू द्या.

दुसरी हरकत शेवटाला. शेवटी जुना वर्गमित्र भेटतो आणि ती त्याच्या शहरात जायला निघते. पुरुष भेटला म्हणून एकाकीपण संपले, असे घडू शकते. माझी तक्रार घटनेशी नाही, ती घटना आधीच्या दोनशे पानांवर उत्तर म्हणून चिकटवली आहे त्याच्याशी आहे. शार्लट ब्राँटेवरही असा दबाव होता. एलिझाबेथ गॅस्केलने लिहिलेल्या तिच्या चरित्रानुसार 'व्हिलेट'चा शेवट गोड व्हावा अशी तिच्या वडिलांची इच्छा होती, आणि तिच्या मनात मात्र नायक समुद्रात बुडणे पक्के होते. तिने वादळ लिहिले, बुडालेली जहाजे लिहिली, आणि आशावादी वाचकांना हवे ते समजू द्यावे असे म्हणून लूसीला गप्प केले. वडिलांचेही राहिले, आणि लूसीने पहिल्यापासून जे केले तेच शेवटीही केले.

ॲनिटा ब्रुकनरच्या 1984 च्या 'हॉटेल द्यू लाक'मध्ये याहून छोटी युक्ती आहे. ईडिथ ही प्रेमकथा लिहून पोट भरणारी लेखिका लग्नाची मागणी नाकारून निघते, तार लिहायला घेते, 'घरी येत आहे' अशा अर्थाचे शब्द लिहिते, थांबते, ते खोडते आणि नुसते 'परत येत आहे' एवढेच लिहिते. जिथे जायचे ते घर आहे की नाही, एवढाच तिचा प्रश्न होता आणि तिने तो एका शब्दात सोडवला. तुमच्या आराखड्यात नायिका स्टेशनवरून वर्गमित्राला निरोप पाठवते असे आहे. वर्गमित्र राहू द्या, स्टेशनही राहू द्या. त्या निरोपात नेमके कोणते शब्द आहेत ते मात्र तुम्ही लिहिलेले नाही. आधी तो निरोप लिहा, आणि मग पहिल्या प्रकरणातली खिडकी काढा.